झाडीत काही दिसत नाही तेव्हा नकाशा कसा वाचायचा

उघड्या डोंगरावर नकाशा वाचणं सोपं असतं. समोर शिखर दिसतं, पलीकडे खिंड दिसते, नकाशा फिरवून त्यांच्याशी जुळवला की झालं. शिकवतात तेही बहुधा असंच. पण दुर्गम डोंगरातल्या दाट जंगलात शिरलात की पंधरा-वीस मीटरांपलीकडे नुसती खोडं. शिखर वर कुठेतरी असतं, ओढ्याचा आवाज येतो पण ओढा दिसत नाही. अशा वेळी नकाशा उघडून ‘समोरचं ते काय’ असं विचारण्यात अर्थ नाही. तिथे विचारायचं ते इतकंच: मी चढतोय की उतरतोय, चढ किती अंगावर येतोय, आणि जमीन कुठल्या बाजूला कलली आहे? या प्रश्नांची उत्तरं पायांना आपोआप कळतात, आणि स्थलदर्शक नकाशावरही मुळात तेच छापलेलं असतं. बाकीचं सगळं, म्हणजे पायवाटा, वस्त्या, हिरवा रंग, मी दुय्यम धरतो. का, ते पुढे येईलच.

हा लेख पहिल्यांदाच असा नकाशा हातात घेणाऱ्यांसाठी आहे. शक्यतो एखादा नकाशा, पेन्सिल आणि मिलिमीटरची पट्टी जवळ घेऊन वाचा.

आधी समास वाचा

नकाशा उघडला की नवखा माणूस ओळखीचं नाव शोधायला लागतो. ते नंतर. आधी कडेचा मजकूर वाचा आणि चार गोष्टी वहीत उतरवून घ्या: प्रमाण, दोन समोच्च रेषांमधलं (सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषांमधलं) उंचीचं अंतर, पाहणीचं वर्ष आणि डेटम.

प्रमाण १:५०,००० असेल तर नकाशावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. २ सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. भारतीय सर्वेक्षण विभागाचं नेहमीचं पत्रक (नकाशाचा एक तुकडा) याच प्रमाणात असतं आणि अक्षांश-रेखांशाची १५-१५ मिनिटं व्यापतं. अमेरिकी पत्रकं बरीच वर्षं १:२४,००० या प्रमाणात निघत आली आहेत, स्वित्झर्लंडची १:२५,००० मध्येही मिळतात. लक्षात ठेवायचं ते मिलिमीटरचं: १:५०,००० वर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. बोथट पेन्सिलीने ओढलेली रेघच पंचवीस मीटर रुंद होते. एवढ्यात एक अख्खी घळ झाकली जाते, म्हणून पेन्सिल टोकदार ठेवा.

फाइल उतरवून घरच्या प्रिंटरवर छापणार असाल तर एक सावधगिरी. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला की नकाशा गुपचूप लहान होतो आणि वर छापलेलं १:५०,००० खोटं ठरतं. समासातली मोजपट्टी मात्र नकाशाबरोबरच आकुंचन पावते, त्यामुळे ती खरंच सांगते. पट्टी लावून तपासा: किलोमीटरची खूण बरोबर २ सेंटीमीटर भरते का?

उंचीचं अंतर १:५०,००० च्या नकाशांवर बहुधा २० मीटर असतं आणि दर पाचवी रेषा जाड असते, म्हणजे जाड रेषा शंभर-शंभर मीटरांवर. पण गृहीत धरू नका. अमेरिकी नकाशांवर हे अंतर फुटांत असतं, डोंगराळ भागात अनेकदा ४० फूट. मीटर समजून फुटांचा चढ मोजलात तर डोंगर तिपटीहून उंच होतो. उलटी चूक जास्त महागात पडते.

वर्षाच्या बाबतीत छपाईचं आणि पाहणीचं अशी दोन वर्षं दिसतील. महत्त्वाचं ते पाहणीचं. पाहणीनंतर वाटा मोडतात, वस्त्या उठतात, धरणाचं पाणी चढतं. तीस वर्षांपूर्वीची तुटक रेषेतली पायवाट आज करवंदीच्या जाळीत हरवलेली असू शकते. डोंगराचा आकार मात्र, मोठी दरड सोडली तर, त्या काळात बदलत नाही. म्हणून जुना नकाशा टाकाऊ नसतो. त्यातल्या वाटा जुन्या झालेल्या असतात, उतार नाही.

डेटम म्हणजे पृथ्वीचा कोणता गणिती आकार धरून अक्षांश-रेखांश मोजलेत ते. फोन आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ धरतात. जुनी भारतीय पत्रकं एव्हरेस्ट या नावाच्या जुन्या गोलाभावर, म्हणजे किंचित चपट्या गोलावर, बेतलेली आहेत, युरोप-अमेरिकेच्या जुन्या नकाशांचे आधार आणखी वेगळे. फोनवरचा आकडा तसाच जुन्या नकाशावर टिंबला तर जागा शंभर-दोनशे मीटर, कधी त्याहूनही जास्त, सरकते. मोकळ्या माळावर हे चालून जातं. डोंगरात एवढ्यात सोंडेवरचा, म्हणजे डोंगरातून खाली उतरत आलेल्या कण्यावरचा, माणूस शेजारच्या ओढ्यात जाऊन पडतो, कागदावर तरी.

रेषा पायांनी वाचा

समोच्च रेषेला बोलताना सगळे काँटूरच म्हणतात. एकाच उंचीवरून डोंगराला वळसा घालत चालत राहिलात, ना वर ना खाली, तर पायाखाली उमटेल ती ही रेषा. कल्पना जुनी आहे. १७७४ मध्ये पृथ्वीची घनता काढण्यासाठी स्कॉटलंडच्या शिहालियन डोंगरावर मोजमापं झाली. ते आकड्यांचं जंगल सोडवायला बसलेल्या चार्ल्स हटन या गणितज्ञाने सारख्या उंचीचे बिंदू रेघांनी जोडले आणि कागदावर डोंगराचा आकार उभा राहिला. आपण करतोय ते याच्या उलट: रेघांवरून डोंगर उभा करायचाय.

रेषा जवळजवळ म्हणजे चढ उभा, लांबलांब म्हणजे सौम्य, हे शाळेतही शिकवतात. जंगलात तेवढ्यावर भागत नाही, आकडा लागतो. १:५०,००० आणि २० मीटर अंतर धरून दोन शेजारच्या रेषांमध्ये २ मिलिमीटर जागा असेल तर उतार साधारण ११ अंश. आरामात बोलत चालता येतं. १ मिलिमीटर असेल तर २२ अंश, बोलणं थांबतं. अर्ध्या मिलिमीटरला जवळपास ३९ अंश. झाडांची मुळं धरून चढायचं, आणि ओल्या पाचोळ्यावरून उतरायचं असेल तर आधी विचार करायचा. ०.४ मिलिमीटरला ४५ अंश. प्रत्यक्षात पट्टीने एकेक फट मोजू नका; पाच फटी एकदम मोजा आणि पाचाने भागा. हे आकडे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून नकाशाच्या पिशवीत ठेवा. दोन-तीन डोंगर पायाखालून गेले की त्या पुठ्ठ्याची गरज उरत नाही, रेषांकडे बघूनच पोटऱ्यांना कळतं.

आता या रेषा काय सांगत नाहीत ते. नकाशावर ७४० ची रेषा आहे आणि ७६० ची. मधल्या वीस मीटरांत जमीन कशी वर जाते याबद्दल नकाशा गप्प आहे. सरळ उतार असेल, किंवा पंधरा मीटर सपाटी आणि मग पंधरा मीटरांचा ताशीव कातळ. दोन्ही ठिकाणी छापलेल्या रेषा तंतोतंत सारख्या. मोठ्या कड्यांसाठी वेगळी खूण असते. पंधरा मीटरांचा कातळ मात्र सहज निसटतो, आणि जंगलात तर तो पाहणी करणाऱ्यांनाही झाडांमुळे दिसलेला नसतो. उतरताना हाडं मोडायला पंधरा मीटर पुरेसे आहेत. म्हणून माझा ठोकताळा असा: जिथे तीन-चार रेषा एकमेकींपासून अर्ध्या मिलिमीटरवर किंवा त्याहूनही जवळ आल्यात, तिथे नकाशावर खूण असो-नसो, कातळ आहे असंच धरायचं.

सोंड की ओढा

हा भाग नीट जमला तर निम्मं काम झालं, म्हणून इथे थोडं थांबू.

डोंगराच्या अंगावर रेषा सतत आत-बाहेर वळत असतात. इंग्रजी व्हीसारखं किंवा यूसारखं वळण दिसलं की ती एक तर सोंड असते, नाहीतर ओढ्याची घळ. ओळखायचं असं: वळणाचं टोक चढाच्या बाजूला असेल तर तो ओढा, उताराच्या बाजूला असेल तर सोंड. ओढ्यात निळी रेघ असली तर सोपंच आहे, पण लहान घळींत ती नसते. भारतीय पत्रकांवर तर पाणी निळं आणि कोरडे ओढे काळे असतात, तेव्हा नुसतं निळं शोधत बसलात तर निम्म्या घळी नजरेतून सुटतील. चढाची बाजू कोणती हे कळत नसेल तर उंचीचे आकडे बघा. बऱ्याच देशांच्या नकाशांवर ते आकडे डोकं चढाकडे करूनच छापलेले असतात.

पहिला सराव घरी करा. नकाशाचा बोटभर तुकडा घ्या, सगळ्या घळींच्या टोकांमधून निळी रेघ ओढा, सगळ्या सोंडांच्या टोकांमधून तांबडी. अर्ध्या तासात दोन झाडं तयार होतील: निळं झाड खोऱ्यातून वर फांद्या फोडत गेलेलं, तांबडं झाड शिखरावरून खाली फांद्या फोडत आलेलं. दोन्ही एकमेकांच्या बोटांत बोटं घातल्यासारखी बसतात आणि कुठेही एकमेकांना कापत नाहीत. कापली, तर रेषा वाचण्यात चूक झाली. मी आजही नव्या भागात जायच्या आधी हे करतो, आणि प्रत्येक वेळी नकाशाचा तो तुकडा चालून आल्यासारखा ओळखीचा होतो.

या दोन झाडांवरूनच जंगलातली सगळ्यात उपयोगी गोष्ट कळते. सोंडेवरून चढत गेलात तर बाजूच्या सोंडा येऊन तुमच्या सोंडेला मिळतात. चुकायला जागा नाही, वर जात राहिलं की पोचता. त्याच सोंडेवरून उतरताना दर थोड्या वेळाने ती फुटते आणि प्रत्येक फाट्यावर निवड करावी लागते. ओढ्याचं नेमकं उलट: उतरताना ओढे एकमेकांना मिळत जातात, चढताना फुटतात. म्हणजे सोंडेवर चढ निर्धास्त आणि उतार धोक्याचा; ओढ्यात चढताना वाट चुकायची भीती, उतरताना ती भीती नाही, पण धबधबे आहेत. सकाळी ज्या सोंडेने काहीही न बघता वर गेलात, त्याच सोंडेने संध्याकाळी परत येताना तुम्ही चुकू शकता. बहुतेक जण तिथेच चुकतात.

मीही चुकलोय. धुक्यात एका माथ्यावरून उतरत होतो. धार रुंद होती, चालायला छान. एके ठिकाणी खांद्यासारखी सपाटी लागली, तिथे बसून पाणी प्यालो आणि उठून नाकासमोर चालू लागलो. खरी धार त्या सपाटीवर डावीकडे वळत होती. सरळ गेली ती एक आखूड सोंड. तासाभराने सोंड अरुंद झाली, मग उभी, आणि मग पुढे फक्त झाडांचे शेंडे दिसू लागले. पाय लटकवून बघितलं तर दोन मजली कातळ, जो नकाशावर नव्हता. परत वर चढून सपाटी गाठेपर्यंत अंधारलं. रात्री नकाशा काढून बघितला तर सगळं तिथेच लिहिलेलं: खांद्यावर रेषा एकदम विरळ झालेल्या, आणि त्यांच्या खाली एकाऐवजी दोन यू-आकाराची टोकं. रुंद सपाटी आणि खाली दोन टोकं, हे चित्र दिसलं की तिथे आता मी पेन्सिलने गोल करून ठेवतो. उतरताना त्या गोलाशी आलं की होकायंत्र बाहेर काढल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

हिरव्या रंगावर किती भरवसा ठेवायचा

फार नाही. हिरवा रंग ‘इथे झाडं आहेत’ एवढंच म्हणतो. ती साठ फुटी झाडं आहेत आणि खाली मोकळं आहे, की कमरेएवढी काटेरी जाळी आहे, हे तो सांगत नाही. आणि चालणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. ओरिएंटियरिंगच्या, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन पळायच्या, स्पर्धांसाठी काढलेल्या नकाशांत ही अडचण उलटी सोडवली आहे: तिथे पळता येईल असं मोकळं जंगल पांढरं दाखवतात आणि झाडी जितकी अडवणारी तितका हिरवा गडद. असे नकाशे फक्त स्पर्धांच्या जागांचे असतात; दुर्गम डोंगराचा मिळेल ही आशा सोडा.

फोनवरच्या ॲपमधल्या समोच्च रेषांबद्दल एक गोष्ट माहीत असायला हवी. त्यांतल्या कित्येक, फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत केलेल्या रडार मोजणीवरून संगणकाने काढलेल्या आहेत. त्या रडारची लहर साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास होती. एवढी लहर दाट पानोळ्यातून जमिनीपर्यंत नीट पोचत नाही, वरच्या फांद्यांतूनच परतते. म्हणजे जंगलात ती रेषा जमिनीची नसून बरीचशी झाडांच्या शेंड्यांची असते. शिवाय एकेक मोजणी सुमारे ३० मीटरांच्या चौकोनाची सरासरी, त्यामुळे अरुंद घळी बुजतात आणि धारदार कंगोरे गुळगुळीत होतात. लेझरने मोजलेला नकाशा मिळत असेल तर तो पहिला घ्या. लेझरचे काही किरण पानांच्या फटींतून खाली पोचतात आणि झाडी गणिताने बाजूला काढता येते. नसेल तर छापील पत्रक आणि ॲप दोन्ही शेजारी ठेवा. दोन्हीकडे एकच घळ दिसली तर ती आहे.

घरी बसून वाट आखा

एक उदाहरण पूर्ण करून बघू. नकाशा १:५०,००० चा, रेषांमधलं उंचीचं अंतर २० मीटर. ओढ्यांच्या संगमावरून, उंची ६४०, निघायचं आहे आणि १०६० मीटरवरच्या खिंडीत पोचायचं आहे. पायवाट छापलेली नाही. दोन ओढ्यांच्या बेचक्यातून एक सोंड वर जाते, ती धरायची.

पट्टीने मोजलं. ६४० ते ७६० या सहा फटी ३ मिलिमीटरमध्ये आहेत: फटीला अर्धा मिलिमीटर, म्हणजे ३९ अंश. सोंडेचं नाक उभं आहे, आणि वरच्या ठोकताळ्याप्रमाणे तिथे कातळ धरायचा. त्याच्या डाव्या अंगाला रेषा मिलिमीटरभर सुट्या आहेत, तर तिकडून तिरकं चढायचं. पुढे ७६० ते ८०० मध्ये १ सेंटीमीटर, म्हणजे अर्धा किलोमीटर जवळपास सपाट: हा पदर. मग ८०० ते १००० अडीच सेंटीमीटर, एकसारखा सौम्य चढ. शेवटी १००० ते १०६० ला ३.२ सेंटीमीटर, इथे सोंड सोडून डोंगराच्या अंगावरून आडवं जायचं आहे, आणि त्या पट्ट्यात रेषा तीनदा आत वळतात. तीन घळी.

बेरीज ७ सेंटीमीटर, साडेतीन किलोमीटर. चढ ४२० मीटर. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने दिलेला हिशेब आजही चालतो: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्याने ४२ मिनिटं अंतराची आणि ४२ चढाची, मिळून ८४ मिनिटं. पण तो हिशेब वाटेवरून चालणाऱ्या दमदार माणसाचा आहे. वाट नसलेल्या जंगलात मी अंतरासाठी ताशी दोन किलोमीटरच धरतो: पावणेदोन तास, अधिक चढाची ४२ मिनिटं, म्हणजे जवळपास अडीच तास. बसणं, पाणी, जाळीत अडकणं धरून तीन. नेस्मिथच्या दुप्पट! सूर्यास्त कधी आहे हे बघायची वेळ ही.

आता वाट शब्दांत लिहा. वहीत मी असं लिहीन: ‘संगम. नाकाच्या डावीकडून तिरका उभा चढ. जमीन सपाट झाली की पदर, उंची ७६०. दहा-पंधरा मिनिटं सपाट. परत चढ, दोन्ही बाजूंना उतार असायला हवा. हजारावर उजवीकडे आडवं. पहिली घळ, दुसरी, तिसरी. मग दोन्हीकडून चढ आणि मधे खळगा: खिंड. चौथी घळ लागली तर पुढे गेलो, मागे फिरायचं.’

या टिपणात एकही दिसणारी खूण नाही हे लक्षात आलं असेल. सगळं पायांना कळणारं आहे. शेवटचं वाक्य तर सगळ्यात मोलाचं. प्रत्येक टप्प्यासाठी ‘काय लागलं तर मी चुकलोय’ हे आधीच लिहून ठेवा. डोंगरात दमलेला माणूस स्वतःची चूक कबूल करत नाही, समोरच्या जमिनीला नकाशात कोंबतो. वहीतलं वाक्य तेव्हा वाद घालत नाही.

जागेवर

नकाशा नेहमी उत्तरेशी जुळवून धरा, अक्षरं उलटी दिसली तरी चालतील. चालताना अंगठा तुम्ही आहात त्या जागेवर ठेवा आणि दर खुणेला पुढे सरकवा. साधी सवय आहे, पण दर वेळी ‘आपण कुठे’ हे संपूर्ण नकाशात शोधायचं राहत नाही.

होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते, नकाशाची उभी रेषा भौगोलिक किंवा ग्रिडची उत्तर. दोन्हींतला फरक समासात दिलेला असतो आणि तो वर्षागणिक थोडा बदलतो. भारताच्या बऱ्याच भागात तो इतका किरकोळ आहे की इथे शिकलेले लोक त्याला विसरतात. न्यूझीलंडमध्ये तोच वीस अंशांच्या घरात जातो. एक अंशाची चूक किलोमीटरला सुमारे १७ मीटर बाजूला नेते, पंधरा अंशांची अडीचशेहून अधिक. होकायंत्र वापरताना फोन, सुरी, चुंबकाची कडी असलेली पिशवी लांब ठेवा. छातीवरच्या खिशातला फोन सुई वळवतो, आणि होकायंत्र आपण छातीशीच धरतो!

झाडीत दूरच्या शिखराचा कोन घेऊन जागा काढता येत नाही. त्याऐवजी उताराचा कोन घ्या. जिथे आहात तिथे तोंड सरळ उताराकडे करा, पाणी ओतलं तर जिकडे वाहील तिकडे, आणि ती दिशा वाचा. समजा वायव्य आली. नकाशावर वायव्येकडे कललेला उतार शोधा; समोच्च रेषा त्याला काटकोनात छेदतात. आग्नेयेचे, दक्षिणेचे सगळे उतार एका फटक्यात बाद. यात उंची घातली की जागा जवळजवळ मुठीत येते, कारण एका उंचीची एकच रेषा त्या उतारावरून जाते.

उंचीसाठी हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक घ्या. आता तो बऱ्याच घड्याळांत असतो. मात्र तो उंची मोजत नाही, दाब मोजतो. हवामान बिघडताना दाब १ हेक्टोपास्कलने घसरला तर तुम्ही जागेवर बसून असलात तरी आकडा आठ-नऊ मीटर वर सरकतो. रात्रभरात दोन-तीन रेषांचा फरक सहज पडतो. म्हणून संगम, खिंड, उंची छापलेला माथा अशा खात्रीच्या प्रत्येक जागी तो दुरुस्त करायचा. सकाळी तंबूतून निघताना विसरायचं नाही. आणि तंबू हलला नसताना आकडा चांगलाच वाढला असेल, तर दाब उतरलाय, आभाळाकडे बघा.

जीपीएस जरूर वापरा, मी हटवादी नाही. फक्त दाट ओल्या पानोळ्याखाली आणि अरुंद खोऱ्यात उपग्रहाचे संदेश अडतात, कातळावर आपटून उशिरा पोचतात, आणि टिंब इकडेतिकडे उड्या मारतं. टिंब सोंडेवर दाखवतंय आणि दोन्ही बाजूंना जमीन चढतेय, तर जमिनीचं ऐका.

अंतरासाठी पावलं मोजतात. दर दुसऱ्या पावलाला एक, असं धरलं तर सपाटीवर शंभर मीटरांना साधारण ६० ते ६५ भरतात. चढाच्या जंगलात तोच आकडा ८०-९० वर जातो. स्वतःचा आकडा स्वतः काढून ठेवा. हे कंटाळवाणं आहे आणि मी फक्त धुक्यात किंवा अंधारात करतो.

एक युक्ती मात्र नेहमी करतो: मुद्दाम चुकणं. ओढ्याकाठच्या तंबूकडे परत यायचं आहे. नेमका तंबूचाच कोन धरून निघालात आणि ओढा लागला, पण तंबू नाही, तर आता डावीकडे जायचं की उजवीकडे? म्हणून आधीच दीडशे मीटर वरच्या अंगाचा कोन धरायचा. ओढा लागला की प्रवाहाबरोबर खाली वळायचं, तंबू येतोच.

चुकलात तर

थांबा. खरोखर बसा. शेवटची खात्रीची जागा कोणती आणि तिथून किती वेळ झाला, हे वहीत लिहा. ताशी दोन किलोमीटरने त्या वेळात जास्तीत जास्त किती आला असाल, तेवढं वर्तुळ नकाशावर काढा. तुम्ही त्याच्या आत आहात. मग उताराचा कोन आणि उंची घ्या. वर्तुळातल्या किती जागा दोन्हीत बसतात? बहुधा एक किंवा दोन. दोन असतील तर त्यांच्यातला फरक शोधा, जसं एका जागेच्या डावीकडे शंभर मीटरवर घळ आहे, दुसरीच्या नाही, आणि जाऊन बघा. जाताना परतीच्या खुणा करा.

जागा नाहीच पटली तर आलात त्याच मागाने शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत. चढ असला तरी. ‘ओढ्याने खाली गेलं की वस्ती लागते’ हा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो, पण डोंगरी जंगलात तो जिवावर बेततो. ओढा आपल्यासाठी वाट काढत नाही, तो कातळावरून उडी मारतो. ओढ्याने उतरायचंच असेल तर आधी नकाशावर त्याची अख्खी लांबी बघा: त्याला छेदणाऱ्या व्ही कुठेही एकमेकांत घुसल्यासारख्या दाटल्या असतील, तिथे धबधबा आहे. तेवढा भाग बाजूच्या सोंडेवर चढून टाळायचा. आणि अंधार पडत असेल तर काहीच शोधू नका. सपाट, कोरडी, ओढ्याच्या पात्राबाहेरची जागा बघून रात्र काढा.

परत आल्यावर, बूट काढायच्या आधी शक्य असेल तर, नकाशा पुन्हा उघडा. मोडलेली पायवाट खोडा. जाळी लागली तिथे तारीख घालून ‘जाळी’ लिहा. नकाशावर नसलेला कातळ, उन्हाळ्यातही पाणी असलेली घळ, ३९ अंशांच्या नाकाला सापडलेली बगल, सगळं पेन्सिलने टिपा. उंचीमापकाचा आकडा आणि छापील आकडा यांत कुठे किती फरक आला तोही. माझ्या एका पत्रकावर त्या सपाटीभोवतीचा गोल आता इतक्यांदा गिरवलाय की तिथला कागद झिरझिरीत झालाय, आणि बाजूला लिहिलंय: ‘इथे डावीकडे. पाणी पिऊन झाल्यावर पुन्हा बघणे.’